“बॅगला पंधरा क्विंटल!” असे दावे ऐकल्यावर या चुका टाळा

मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रासमोर दहा मिनिटं उभं राहा, असे दावे कानावर पडतील. एका फवारणीत फुटवे दुप्पट. सोयाबीन बियाण्याच्या एका बॅगला पंधरा क्विंटल उतारा, म्हणजे उत्पादन. पिवळा मोझॅक मुळापासून बरा. हे ऐकणारा माणूस बहुतेक वेळा पीककर्जावर पेरणी करत असतो आणि त्याची जमीन कोरडवाहू असते. दावा खोटा निघाला तर विकणारा पुढच्या हंगामात दुसरी बाटली घेऊन येतो, शेतकऱ्याचं मात्र वर्ष जातं. म्हणून पुरावा मागणं हा त्याचा हक्क आहे आणि तो मागताना संकोच वाटायचं कारण नाही.

मागायचा कसा, हे मात्र माहीत हवं. माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच: कशाच्या तुलनेत? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न राहून गेल्यामुळे होतात.

चूक: “मारलं आणि फरक पडला” हाच पुरावा धरणं

जुलैत झड लागली की आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पिवळं पडतं. पाणी साचलेलं असतं, मुळांना हवा मिळत नाही, जमिनीत लोह असूनही पिकाला ते उचलता येत नाही. शेतकरी घाबरतो, दुकानात जातो, पीक जोमात आणतं म्हणून विकलं जाणारं टॉनिक आणतो. पण फवारणार कधी? पाऊस उघडल्यावर. म्हणजे टॉनिक पडतं त्याच दिवसांत ऊन पडतं, वापसा येतो (जास्तीचं पाणी निघून जमिनीत हवा खेळते), मुळं पुन्हा कामाला लागतात. आठ-दहा दिवसांत शेत हिरवं. आता हे टॉनिकनं केलं की वापशानं? बांधापलीकडच्या, काहीच न फवारलेल्या शेताकडे पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, आणि तिकडे आपण बघायला जात नाही.

लोहाची कमतरता खरीच असेल आणि फवारणीत फेरस सल्फेट असेल तर फायदा होऊ शकतो, हेही खरं. पण मग श्रेय फेरस सल्फेटला द्यायचं. नेमकं इथंच विक्रेते पंपात चार गोष्टी एकत्र टाकायला लावतात: अळीचं औषध, 19:19:19 हे विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि त्यांचं महागडं टॉनिक. अळी मेली, पीक सावरलं, आणि नाव टॉनिकचं झालं.

पिवळा मोझॅक वेगळा. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. 2023 च्या खरिपात मराठवाड्यात त्यानं सोयाबीनचं फार नुकसान केलं. विषाणू शिरलेलं झाड बरं करणारं फवारणीचं औषध नाही. माशी आटोक्यात ठेवायची, रोगट झाडं लवकर उपटायची, रोगाला दाद न देणारं वाण निवडायचं, इतकंच हातात असतं. त्यामुळे ‘मोझॅक बरा करतो’ म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा.

हीच चूक दोन वर्षांची तुलना करताना होते. 2015 ला उतारा घटला, 2016 ला नवं खत वापरलं आणि तूर तुफान पिकली, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण 2015 दुष्काळाचं होतं आणि 2016 ला चांगला पाऊस झाला. खत न वापरणाऱ्यांचीही तूर इतकी आली की पुढच्या वर्षी खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. एका वाईट वर्षानंतर बहुधा बरं वर्ष येतंच, आणि मधे जे काही विकत घेतलं असेल त्याच्या खात्यावर ते जमा होतं.

या चुकीतून सरकारी कामही सुटत नाही. 2015 ला आणि पुन्हा 2019 ला मराठवाड्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. विमान गेलं, मागून अमुक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे प्रयोग यशस्वी, अशा बातम्या आपण वाचल्या. पण बीजन, म्हणजे ढगात रसायनं सोडणं, करायला मुळात पाणी धरलेला ढगच लागतो, आणि तसा ढग आपणहूनही बरसला असता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर भागात हा प्रश्न नीट सोडवायचा प्रयत्न केला. बीजनाला योग्य असलेल्या ढगांपैकी कुठल्यावर बीजन करायचं आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी काढल्यासारखं नशिबावर सोपवलं आणि मग दोन्ही गटांचा पाऊस ताडून पाहिला. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. हा आकडा जाहिरातीपेक्षा छोटा आहे. पण तो तुलनेतून आला आहे, म्हणून मी त्याला मानतो.

चूक: आकडा ऐकणं, पण तो मोजला कसा हे न विचारणं

आपल्याकडे सोयाबीनचा उतारा ‘बॅगला’ सांगतात. आता बॅग 30 किलोची की त्याहून हलकी? ती एक एकरात पेरली की टोकण करून (अंतरावर एकेक दाणा लावून) सव्वा-दीड एकरात पुरवली? शिफारस हेक्टरी 75 किलो बियाण्याची, म्हणजे एकरी सुमारे 30 किलो. पेरा विरळ असेल तर बॅगचा उतारा फुगतो आणि एकराचा तेवढाच राहतो. म्हणून आधी एकर विचारा, आणि तो सातबाऱ्यावरचा की अंदाजाचा तेही.

दुसरी युक्ती गुंठ्याची. शेतातला सगळ्यात भरलेला एक गुंठा निवडायचा, त्यात 40 किलो आले की 40 नं गुणायचं आणि एकरी 16 क्विंटल जाहीर करायचं. बांधाकडची उघडी पडलेली, चिबडलेली, रानडुकरांनी खाल्लेली जागा हिशेबातच येत नाही.

तिसरी बाब ओलावा. मळणीनंतर लगेच काट्यावर घातलेलं 18 टक्के ओलाव्याचं 11 क्विंटल सोयाबीन वाळून 12 टक्क्यांवर आलं की सव्वादहा क्विंटल भरतं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओलावा मोजूनच भाव ठरतो, व्हिडिओत कुणी मोजत नाही. मोंढ्याची पट्टी (विक्रीची पावती) दाखवा म्हणा. तीही पूर्ण शेताची.

एवढं करून आकडा टिकला तर तो मोठा की लहान हे कळायला एक माप जवळ ठेवा: देशात सोयाबीनची सरासरी उत्पादकता हेक्टरी 1 टनाच्या आसपास आहे, म्हणजे एकरी 4 क्विंटल. चांगला शेतकरी याच्या दुप्पट-अडीचपट काढतो. चौपट काढल्याचं कुणी म्हणालं तर लगेच खोटं म्हणू नका, पण पुरावाही तसाच भक्कम मागा.

चूक: लागलेल्या बोअर मोजणं, कोरड्या विसरणं

हा विषय नाजूक आहे, कारण पाणाड्या, म्हणजे बोअरसाठी पाण्याची जागा दाखवणारा, बहुधा गावातलाच असतो आणि पुष्कळदा मनापासून विश्वास ठेवणारा असतो. नारळ हातावर उभा राहतो, उंबराची बेचकी खाली वळते, तो जागा दाखवतो, तिथं पाणी लागतं. लोक म्हणतात, “त्यांच्या हाताला गुण आहे.”

मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. मागच्या दोन वर्षांत त्यांनी दाखवलेल्या सगळ्या बोअर किती आणि त्यातल्या कोरड्या किती? ज्या बोअरला पाणी लागलं तिची पूजा होते, जी कोरडी गेली तिच्या तोंडावर दगड ठेवून लोक विषय संपवतात. दुसरं, त्याच शिवारात कुणालाही न विचारता घेतलेल्या बोअरपैकी किती लागल्या? नदीकाठच्या किंवा सखल शिवारात दहापैकी सात कुणाच्याही लागत असतील, तर पाणाड्याच्या सात लागल्यानं काहीच सिद्ध झालं नाही. आणि तिसरं, किती दिवस टिकलं? ऑक्टोबरातलं दोन इंच पाणी मार्चपर्यंत राहीलच असं नाही.

आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी बेसाल्ट आहे. त्यात पाणी झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात असतं. पन्नास फूट बाजूला सरकलं तरी चित्र बदलतं, म्हणून कुणीच खात्री देऊ शकत नाही. जर्मनीतल्या कासेल इथं 1990 च्या सुमारास बेचकीनं पाणी शोधणाऱ्या 30 जणांची परीक्षा घेतली गेली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. पाणी कधी सोडलंय हे त्यांना माहीत नव्हतं. निकाल नुसत्या अंदाजाइतकाच आला.

पाणाड्याच्या जागी लाल-हिरवे दिवे असलेलं यंत्र आलं तरी प्रश्न हेच. 1972 पासून काम करणाऱ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक शक्यता सांगतात, हमी देत नाहीत. जो शंभर टक्के हमी देतो त्याच्याकडून कोरड्या बोअरचा खर्च परत देण्याचं लेखी घ्या. बहुतेक वेळा हमी तिथंच मागे घेतली जाते.

चूक: शिक्का पाहून शांत होणं

आयएसओ 9001 हे कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्याचा पिकाच्या उताऱ्याशी संबंध नाही. पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे, तिनं शेतात काम केलं असं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल बाटलीत काय आहे ते सांगतो, पिकावर काय होईल ते सांगत नाही. कीटकनाशक असेल तर 1968 च्या कायद्याखाली नोंदणी आणि त्या पिकासाठी, त्या किडीसाठी लेबल क्लेम (लेबलवरची मंजूर शिफारस) बघा. ‘जैविक उत्तेजक’ म्हणून विकली जाणारी टॉनिकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा नोंदणी विचारायचा हक्क तिथंही आहे. नोंदणी नसलेल्या मालाच्या गुणांवर चर्चा करत बसू नका.

चूक: कधीच चुकू न शकणारं भाकीत खरं मानणं

“15 ते 20 जुलै दरम्यान राज्यात भाग बदलत पाऊस पडेल.” हे वाक्य खोटं ठरवून दाखवा! तुमच्याकडे पडला तर अंदाज बरोबर, नाही पडला तर भाग बदलला. जुलैच्या कुठल्याही पाच दिवसांत मराठवाड्यात कुठंतरी पाऊस असतोच. वहीत दोन रकाने करा: कुठल्या तारखेला काय सांगितलं, आणि आपल्या महसूल मंडळात प्रत्यक्ष किती मिलिमीटर पडला. शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्लाही लिहा. एका पावसाळ्यात कुणावर पेरणी सोडायची ते कळेल. हवामान खातंही चुकतं, पण ते जिल्हा आणि दिवस सांगून चुकतं, म्हणून त्याची चूक मोजता येते.

भूकंपाचं तर स्पष्टच सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची किल्लारी आपण विसरलेलो नाही, म्हणून हिंगोली-नांदेडकडे जमीन हलली की “आज रात्री मोठा येणार” हा मेसेज लगेच पसरतो. भूकंपाची जागा आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. तो मेसेज पुढे पाठवू नका.

चूक: पोळल्यावर सगळंच नाकारणं

फसवणूक झालेला माणूस पुढे खऱ्या गोष्टीलाही हात लावत नाही, आणि हे नुकसानही मोठं आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन 711 ही तूर सुमारे 150 ते 155 दिवसांत येते, त्यामुळे हलक्या जमिनीत ओल संपायच्या आत दाणे भरतात, हा दावाही सुरुवातीला मोठाच वाटला होता. रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी पावसाच्या खंडात ओल धरते आणि अतिवृष्टीत पाणी काढून देते, हाही. फरक इतकाच, की विद्यापीठाची शिफारस अनेक ठिकाणी, अनेक वर्षं, शेजारी तुलनेचे वाफे ठेवून घेतलेल्या चाचण्यांतून आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्को या संयुक्त संशोधन समितीच्या चर्चेतून बाहेर पडते. तिथंही चुका होतात, पण तपासायला आकडे असतात.

आपल्या शेतातच ताळा कसा घ्यायचा

यात नेहमी होणारी गडबड म्हणजे वरच्या अंगाला मुरमाड जमीन कोरी ठेवायची, खालच्या भारी काळीत औषध मारायचं आणि फरक दाखवायचा. तसं करू नका. पट्टे उताराच्या दिशेनं, वरपासून खालपर्यंत पाडा, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात हलकी-भारी दोन्ही जमीन येईल. आठ पट्टे, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीत कुठला पट्टा फवारायचा ते नाणं उडवून ठरवा. वाण, पेरणीची तारीख, खत, अळीचं औषध सगळ्यांना सारखं, फक्त टॉनिक चार पट्ट्यांना. पट्ट्यांच्या खुणा पक्क्या करा, कारण ऑगस्टात सगळं एकसारखं दिसतं. मळणी वेगवेगळी करा, एकाच काट्यावर, एकाच दिवशी.

दोन जोड्यांत टॉनिक पुढे आणि दोनांत मागे असेल तर बाटलीत काही नव्हतं असं धरून चला. चारही जोड्यांत पुढे असेल तर ते निव्वळ नशिबानं होण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे पुन्हा एकदा करून बघण्याइतकं कारण मिळालं. मग पैशाचा हिशेब. एकरी 800 रुपयांचं औषध आणि सोयाबीनला क्विंटलला 4000 चा भाव असेल तर एकरी 20 किलो जास्त आल्यावर फक्त औषधाचे पैसे निघतात, फवारणीची मजुरी अजून बाकीच.

बियाण्याचा दावा तर पेरणीआधीच तपासता येतो. सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के उगवण लिहिलेली असते. 2020 च्या खरिपात उगवणीच्या तक्रारींनी मराठवाडा हादरला होता आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. पिशवीतून न निवडता 100 दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवा, सहा-सात दिवसांनी धड कोंब मोजा. 70 पेक्षा कमी आले तर पिशवी परत करा. पावती, लॉट नंबर, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. पेरल्यावर उगवण फसली तर शेत मोडायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, कारण पंचनाम्याला समिती येईपर्यंत पेरणीची तासं (ओळी) उभी दिसली पाहिजेत.