होकायंत्र चुकतं तेव्हा: मैदानात करायचा एक प्रयोग

आमची शाळा अलिबागजवळ, खाडीच्या काठी. वर्गातली निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. होकायंत्राजवळ पान्हा ठेवायचा नाही, हे घरच्या तांडेलाने त्यांना माझ्याआधीच बजावलेलं असतं. का ठेवायचा नाही, हे त्यांनीच शोधावं म्हणून पाऊस सरला की मी नववीकडून हा प्रयोग करून घेते.

दोन साधी होकायंत्रं, हातभर लांबीची बिनखिळ्यांची फळी, पट्टीचुंबक, खडू, चिकटपट्टी एवढं पुरतं. जागा ध्वजस्तंभ, तारेचं कुंपण आणि दुचाक्यांपासून लांब घ्या. आधी नुसतं होकायंत्र ठेवून उत्तर आखा, मग ४५-४५ अंशांवर आठ रेषा. फळी म्हणजे आपली होडी. मध्यावर होकायंत्र चिकटवा. फळी पूर्वेकडे तोंड करून ठेवा आणि पुढच्या टोकाकडे पट्टीचुंबक फळीच्या लांबीतच ठेवून मागेपुढे सरकवा. सुई दहाएक अंश ढळली की तिथेच चिकटवा. आता फळी एकेका रेषेवर फिरवायची आणि सुई उत्तरेपासून किती, कुठल्या बाजूला ढळली ते लिहायचं.

उत्तर-दक्षिणेला फरक जवळजवळ शून्य, पूर्व-पश्चिमेला सर्वांत जास्त आणि एकमेकांच्या उलट. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीला १८०१ ते १८०३ च्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीत असंच दिसलं होतं: जहाजाचं तोंड वळलं की सुईची चूकही बदलते. चुकीला नियम आहे म्हटल्यावर ती सुईची नव्हे, जहाजातल्या लोखंडाची, हे त्याने ओळखलं.

आठ ठिपके आलेखावर मांडले की छान लाट दिसते. एका वर्षी एक ठिपका लाटेबाहेर गेला. "बाई, नैर्ऋत्येला चौदा येतंय," एक मुलगी म्हणाली. तिथे सात यायला हवं होतं. मी म्हटलं, खोड. तिने खोडलं नाही, तीनदा पुन्हा पाहिलं, तिन्ही वेळा चौदाच. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्या एका दिशेला ती फळीच्या पलीकडे बसत होती आणि मांडीवरचं परीक्षेचं पॅड होकायंत्राला टेकत होतं. पॅडची चाप पोलादी! पॅड बाजूला ठेवलं, सुई सातावर आली. तिला खोडायला सांगितलं, याची मला आजही खंत आहे.

तेव्हापासून वर्गात खोडरबर बंद. विचित्र आकड्याला गोल करायचा, काहीही न हलवता तोच वेध पुन्हा घ्यायचा. पुन्हा तोच आला, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी बसायची जागा, मग पॅड, मग दुसरं होकायंत्र. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण हातचं जातं.

जमलं तर मुलांना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राची, गोष्ट सांगा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा प्रवाह नोंदी बिघडवणार, म्हणून मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं हे काम १९०४ मध्ये इथे आणलं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जागा बदलल्याने पडलेला फरक मोजता आला.

दुसऱ्या तासाला उलटं काम द्या. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये 'रेनबो' या लोखंडी जहाजावर चुंबक बसवून होकायंत्र ताळ्यावर आणलं होतं. मुलांनीही दुसरं चुंबक सरकवत आठही दिशांची चूक घालवून पाहावी. दोन-तीन अंश राहिलेच, तर दिशावार तक्ता करून फळीवर चिकटवू द्या. जहाजावरही तसाच तक्ता ठेवतात.