एअरब्रशच्या कपात बुडबुडे येत होते

ड्युअल-ॲक्शन एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं अवजार: ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. रंग बाहेर पडतो ते टोक, म्हणजे नोझल, ०.३ मिमीचं. ट्रिगर ओढला की रंग थुंकल्यासारखा उडायचा, रंग भरायच्या कपात बुडबुडे. म्हणजे हवा रंगाच्या वाटेने उलटी शिरतेय. नोझल उघडून उजेडासमोर धरलं तर आत वाळलेल्या ॲक्रिलिकचा पापुद्रा. क्लीनरमध्ये भिजवून बारीक ब्रशने काढला. टाचणीने कोरू नका, भोक फाकतं आणि मग नवंच नोझल घ्यावं लागतं. तरी एखाददुसरा बुडबुडा येतच होता. नोझलच्या आट्यांना, फट बुजावी म्हणून, किंचित मधमाशीचं मेण चोळल्यावर थांबला. टेफ्लॉन टेप एवढ्या बारीक आट्यांवर जाड पडते. साफ करायला अख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवायचा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते वाईट सल्ला, आतल्या रबरी ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या कड्या) फुगतात. आता २० पीएसआय हवेच्या दाबाला रेघ सलग येते.