थंडीत बाइक चालवावी की झाकून ठेवावी?

निफाड, नाशिककडे पारा ६-७ अंशांवर उतरला तरी रस्त्यावर बर्फ नसतो. त्यामुळे बाइक चालवाच. उभ्या गाडीची बॅटरीच आधी मान टाकते.

सकाळी फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवून पंपाची 'झूं' थांबू द्या, मग सेल्फ मारा. कार्ब्युरेटर असेल तर चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. सेल्फ ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही. १५ सेकंद थांबून पुन्हा. सेल्फ नुसता 'कट कट' करत असेल तर बॅटरी तपासा. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली म्हणजे चार्जिंग हवं.

हवा थंड टायरमध्येच मोजा. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण २ पीएसआय कमी भरते. पहिले दोन-तीन किलोमीटर टायर गार असतात, वळणावर गाडी फार झुकवू नका.

हेल्मेटची काच धुरकटते ती श्वासाच्या वाफेने. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसा. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला, वारा अडतो.

खरा धोका उसाच्या ट्रॉलीचा. गाळप हंगाम, पहाटेचं धुकं आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर! अप्पर लावलात तर धुक्यात समोर पांढरी भिंतच दिसते. डिपरवरच चालवा, वेग ४०च्या आत.

महिनाभर उभीच ठेवणार असाल तर टाकी भरा, मेन स्टँड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.