फायलींना परक्याचं कुलूप लागण्याआधी: दुकानातल्या कॉम्प्युटरची राखण

मोंढ्यातली आडत असो, लातूरच्या गंजगोलाईतलं डीटीपी सेंटर असो की लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) घुसलं की कॉम्प्युटर चालू राहतो, फक्त फायली उघडत नाहीत. ऐन सोयाबीनच्या हंगामात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा असा अडकला तर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्याच थांबतात. म्हणून ही तयारी हंगामाआधीच करून ठेवा.

आधी ते येतं कुठून ते बघू. छोट्या दुकानांसाठी सगळ्यात धोक्याची वाट म्हणजे क्रॅक, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. स्टॉप-डीजेव्हू नावाचं रॅन्समवेअर कुटुंब मुख्यतः याच वाटेने पसरलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून झिप फाइल उतरवली जाते. तिला पासवर्ड असतो, त्यामुळे अँटिव्हायरसला आतलं दिसत नाही. सोबत सूचना असते, 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा.' असं सांगणारं काहीही चालवू नका. परवाना परवडत नसेल तर इंकस्केप आणि गिम्प ही डिझाइनची सॉफ्टवेअर खरोखर फुकट आहेत. हात बसायला वेळ लागेल, पण चार वर्षांच्या लग्नपत्रिका गमावण्यापेक्षा ते बरं.

दुसरी वाट रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर दुरून चालवण्याची. अकाउंटंटला घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर त्याचा 3389 नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड असतो दुकानाचं नाव आणि 123. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट यंत्रं रात्रंदिवस शोधत असतात. पोर्टचा नंबर बदलूनही लपता येत नाही. राउटरमधलं ते फॉरवर्डिंग काढून टाका. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित खासगी वाट, लावून घ्या.

तिसरी वाट मेलमधल्या 'बिल'ची. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. मग पीडीएफसारखी दिसणारी फाइल शेवटी 'ईएक्सई', म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आहे हे डोळ्यांना दिसेल.

अपडेट टाळू नका. 12 मे 2017 ला वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या भगदाडावरचं मायक्रोसॉफ्टचं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलेलं होतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल तर ते मशीन असुरक्षित समजा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या तळाशी 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे. तिथलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू करा आणि टॅलीचं डेटा फोल्डर, डिझाइनचे फोल्डर त्यात जोडा. पहिल्या दिवशी एखादं ओळखीचं सॉफ्टवेअरसुद्धा 'सेव्ह होत नाही' म्हणेल. तेव्हा हे बंद करू नका, 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप'मधून तेवढ्याच सॉफ्टवेअरला परवानगी द्या. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरऐवजी दुसरा अँटिव्हायरस असेल तर ही सोय चालत नाही.

पण खरा आधार बॅकअपचाच. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे; रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतं, लॅनवर (दुकानातल्या कॉम्प्युटरच्या जोडणीवर) शेअर केलेल्याही करतं, आणि विंडोजने जपलेल्या जुन्या प्रती पुसून टाकतं. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. त्यांच्यावर मार्करने 'अ' आणि 'ब' लिहा. एक दिवस अ, दुसऱ्या दिवशी ब. दुकान बंद करताना सगळ्या कॉम्प्युटरवरची टॅली आधी बंद करा, कारण उघड्या डेटाची प्रत अर्धवट निघू शकते. मग डिस्क जोडा, तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, 'इजेक्ट' करून काढा. जुन्या फोल्डरवर कॉपी करू नका. कॉपी चालू असताना लाईट गेली, किंवा बिघडलेल्या फायलीच कॉपी झाल्या, तरी कालची प्रत शाबूत राहते. एक डिस्क घरी असू द्या. महिन्यातून एकदा बॅकअपमधला डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर आम्ही विश्वास ठेवत नाही.

गुगल ड्राइव्हचं सिंक, म्हणजे फायली आपोआप इंटरनेटवर चढत राहणं, वेगळं. बिघडलेली फाइलही तिथे चढते. जुनी आवृत्ती साधारण 30 दिवस मिळते, पण हजारो फायली एकेक करून मागे नेताना जीव जातो.

आता घात झालाच तर. फायलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेलं दिसलं की पहिल्यांदा लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राइव्ह ओढा. तरीही नावं डोळ्यांसमोर बदलत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा. मशीन असं बंद केल्याने मेमरीतला पुरावा जातो हे खरं, पण दुकानदाराला उरलेल्या फायली जास्त मोलाच्या. बॅकअपची डिस्क या मशीनला चुकूनही लावू नका.

लगेच फॉरमॅट मारू नका. हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा किंवा कुलूपबंद फायली आणि खंडणीची चिठ्ठी दुसऱ्या डिस्कवर घ्या. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर दोन फायली आणि चिठ्ठी चढवली की कुटुंब ओळखता येतं, किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. युरोपोल आणि डच पोलिसांनी कंपन्यांसोबत 2016 मध्ये ती सुरू केली. आज किल्ली नसली तरी पुढे येऊ शकते, म्हणून फायली जपायच्या.

स्टॉप-डीजेव्हूची चिठ्ठी '_readme.txt' नावाची, आणि मागणी बहुधा 980 डॉलरची, 72 तासांत दिले तर निम्मी. त्यातला वैयक्तिक आयडी 't1' वर संपत असेल तर ती ऑफलाइन किल्ली, म्हणजे अनेकांना लागलेली एकच किल्ली, म्हणून सुटण्याची आशा जास्त. स्टुडिओवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे 150 केबीच बिघडवतं. त्यामुळे मोठे एमपी4 व्हिडिओ त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन बरेचदा दुरुस्त होतात. फोटो मात्र सहसा हाती लागत नाहीत.

पैसे देऊ नका. दिल्यावरही किल्ली मिळेल याची हमी नसते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा, पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, कारण डीजेव्हूसोबत पासवर्डचोर सॉफ्टवेअरही येतं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजचा इन्स्टॉलर घ्या, बाधित मशीनवरची जुनी सगळी पार्टिशन (डिस्कचे भाग) काढून विंडोज नव्याने टाका, अपडेट पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतरच बॅकअपची डिस्क जोडा.