ऐनवेळी सिस्टिम बंद पडते आणि तुम्ही आधीच थकलेले असता तेव्हा

फोन आला की हात लगेच कीबोर्डकडे जातो. तो दोन मिनिटं रोखा. कागदावर लिहा: नेमकं काय चालत नाही, केव्हापासून, आणि त्याआधी शेवटचा बदल काय झाला. कुणीच काही बदललेलं नसेल तर आपोआप बिघडणाऱ्या गोष्टी पाहा: भरलेली डिस्क, मुदत संपलेलं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) किंवा पासवर्ड.

नवं व्हर्जन चढवल्यावर बिघाड झाला असेल तर कारण शोधत बसू नका, जुनं परत चढवा. कारण सकाळीही सापडेल. फक्त नव्या व्हर्जनने डेटाबेसच्या टेबलांची रचना बदलली आहे का ते आधी तपासा. बदलली असेल तर जुना प्रोग्राम त्यावर चालेलच असं नाही.

डिस्क भरलेली असताना घाईत एक चूक हमखास होते. लिनक्सवर चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली लॉग फाइल (तो आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) डिलीट केली की नाव जातं, जागा मात्र तो प्रोग्राम फाइल सोडेपर्यंत सुटत नाही. म्हणून शेवटच्या काही ओळी दुसरीकडे ठेवून फाइल जागेवरच रिकामी करा. जागा शिल्लक दिसत असूनही डिस्क भरल्याचा संदेश येत असेल तर आयनोड, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठी लागणाऱ्या जागा, संपलेत का पाहा. लाखो बारीक फाइली साठल्या की असं होतं.

एका वेळी एकच बदल करा आणि वेळेसकट लिहून ठेवा. उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या, मगच पुढचा. विचारणा करणाऱ्यांना उत्तरं द्यायला दुसरा माणूस बसवा आणि दर अर्ध्या तासाला त्याला दोन ओळी कळवा. दुरुस्ती करणाऱ्याचा फोन सतत वाजत राहिला तर काम दुप्पट लांबतं.

आता थकव्याबद्दल. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सलग 17 तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरलेली आढळली. प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 च्या रात्री, बराच वेळ चाललेल्या दुरुस्तीत, डेटा चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरूनच काढला गेला. नेहमीचे बॅकअप कामी आले नाहीत, सुमारे सहा तासांची माहिती गेली. म्हणून डिलीट करणारी कमांड देण्याआधी सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचा आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला स्क्रीन पाहायला लावा. मुख्य सर्व्हरला कमांड देता त्या स्क्रीनवरच्या खिडकीचा रंग कायमचा लाल ठेवा. रात्र लांबली की काम दुसऱ्याच्या हाती द्या. तुमची वेळेसकट नोंद असेल तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

असे प्रसंग वारंवार येत असतील तर तो तुमच्या कष्टाळूपणाचा प्रश्न नाही, मनुष्यबळाचा आहे. महिनाभर प्रत्येक फोनची वेळ, लागलेले तास आणि कारण लिहा. तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. ती कायमची मिटवायला किती दिवस लागतील ते ठरवून साहेबांकडे लेखी मागा: ‘हे चार दिवस मिळाले तर अमुक बिघाड थांबेल. त्यासाठी हातातलं कोणतं काम पुढे ढकलू?’ नुसतं ‘फार काम आहे’ म्हटलं तर सहानुभूती मिळते, दिवस मिळत नाहीत. रात्री जागल्यावर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभाही याच पत्रात मागून घ्या, पुढचा फोन येण्याआधी.