उन्हाळी मळणी आणि मजुरांची सुरक्षितता: एप्रिल-मेसाठी सल्ला

विदर्भ आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि नेमक्या याच दिवसांत उन्हाळी तीळ-भुईमुगाची मळणी, हळदीचे पॉलिश आणि खरिपापूर्वीची मशागत चालू असते. उन्हाचा धोका म्हटला की आपल्याला उष्माघातच आठवतो. परंतु दुपारी थ्रेशरमध्ये (मळणी यंत्रात) गेलेला हात किंवा चक्कर येऊन ट्रॉलीवरून पडलेला मजूर यांची गणना केवळ अपघातात होते, त्यामागचे ऊन कुणी विचारात घेत नाही.

घामावाटे पाणी आणि क्षार निघून गेले की लक्ष विचलित होते आणि हात आवरायला क्षणभर उशीर होतो. मळणी यंत्रापाशी तो क्षणच घातक ठरतो. घामाने ओल्या झालेल्या मुठीतून विळा निसटतो, डोळ्यांत घाम उतरतो, उकाड्यामुळे हातमोजे आणि चष्मा काढून ठेवले जातात. रात्रीही उकाडा न ओसरल्याने झोप अपुरी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मजूर आधीच थकलेला असतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना कामाच्या वेळेची आहे. थ्रेशर, रोटाव्हेटर आणि पॉलिश यंत्रावरील कामे सकाळी अकराच्या आत आटोपावीत आणि दुपारी बारा ते चार या वेळेत यंत्र बंद ठेवावे. सावलीत बसून करण्याजोगी शेंगा तोडणे, निवडणे यांसारखी कामे दुपारसाठी राखून ठेवता येतात. मळणी रात्री करायची असल्यास पुरेसा उजेड असावा आणि दिवसभर राबलेल्या माणसाला घास टाकायला, म्हणजे यंत्रात पीक सरकवायला, उभे करू नये. पीक आत सरकवण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातील किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे थकलेल्या माणसाचाही हात यंत्राच्या आत फिरणाऱ्या ड्रमपर्यंत पोहोचत नाही. घास टाकणारा माणूस दर अर्ध्या-पाऊण तासाने बदलावा. पदर, उपरणे आणि सैल बाह्या नीट खोचलेल्या असाव्यात.

काम उक्ते, म्हणजे वेळेवर नव्हे तर कामावर मजुरी ठरवून, दिलेले असले की मजूर विश्रांती घेत नाही, कारण थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्या मजुरीतून जातो. म्हणून उक्ता दर ठरवतानाच विश्रांतीचा वेळ धरावा, ही जबाबदारी शेतमालकाची आणि मुकादमाची आहे. महिला मजूर शेतावर आडोसा नसल्यामुळे मुद्दाम पाणी कमी पितात. चार काठ्या आणि ताडपत्री लावून आडोसा केला तरी ही अडचण दूर होते. पाण्याचा माठ बांधावर दूर न ठेवता कामाच्या जागेजवळ सावलीत ठेवावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. अधूनमधून मीठ घातलेले ताक किंवा पन्हेही द्यावे.

बाहेरगावाहून नव्याने आलेल्या अथवा आजारातून उठलेल्या मजुराच्या शरीराला ऊन सोसण्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्याला पहिल्या दिवशी थोडेच काम द्यावे आणि ते रोज हळूहळू वाढवावे. फवारणी दुपारी करूच नये, कारण घामेजलेल्या उष्ण त्वचेतून कीटकनाशक अधिक शोषले जाते.

एखादा मजूर असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा हातातली वस्तू वारंवार पाडू लागला, तर प्रथम यंत्र बंद करून त्याला सावलीत न्यावे. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.