शेल स्क्रिप्टमध्ये फाइल बदलताना मूळ मजकूर कसा वाचवावा

‘यादी’ नावाच्या फाइलमध्ये सोसायटीच्या सभासदांची नावे आहेत आणि ती क्रमाने लावायची आहेत, असे समजा. नवशिका सहज लिहितो: सॉर्ट यादी > यादी. (कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत लिहा.) एंटर दाबताच फाइल रिकामी! यात सॉर्टचा काहीच दोष नाही. > हे चिन्ह दिसले की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी ती फाइल लिहिण्यासाठी उघडते आणि उघडतानाच आतले सगळे पुसते. कमांड सुरू होते ती त्यानंतर, तेव्हा वाचायला काही उरलेलेच नसते. गेलेला मजकूर कुठल्या कचरापेटीतही सापडत नाही.

म्हणून मूळ फाइलवर थेट लिहूच नये. शेजारी नवी फाइल तयार करावी, ती तपासावी आणि मगच तिला जुनीचे नाव द्यावे.

सुरुवातीला फाइल खरोखर आहे का ते टेस्ट -एफ ने बघा. नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. फाइलचे नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर डॉलर चिन्हासकट ते दुहेरी अवतरणांत घाला. ‘मे महिन्याची वर्गणी’ हे नाव अवतरणाशिवाय दिले, तर शेल त्याच्या तीन फाइली समजते. आरएम या फाइल पुसणाऱ्या कमांडच्या पुढे असे झाले तर भलतीच फाइल जाऊ शकते, त्यामुळे इथे आळस नको.

आता तात्पुरती फाइल. तिला ‘टेम्प१’ असे ठरीव नाव देऊ नका. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) स्क्रिप्ट एकाच वेळी दोनदा चालली, तर दोघी एकाच फाइलवर लिहितील. एमकेटेम्प ही कमांड दर वेळी वेगळे नाव देते. नमुना म्हणून मूळ नाव, टिंब आणि पुढे सहा मोठे रोमन एक्स द्या. ही फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये हवी. टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर बऱ्याचदा वेगळ्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे साठवणुकीच्या वेगळ्या भागावर, असतो. तिथून एमव्ही (फाइल हलवण्याची किंवा तिचे नाव बदलण्याची कमांड) केले की नुसते नाव बदलत नाही, सगळा मजकूर कॉपी होतो आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल हाती येते. एकाच फाइल सिस्टिमवर मात्र नाव एका झटक्यात बदलते: वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धी कधीच नाही. या पद्धतीचे सगळे बळ इथे आहे.

लगेच पुढच्या ओळीत ट्रॅप ही कमांड लावून एक्झिटच्या, म्हणजे स्क्रिप्ट संपण्याच्या, वेळी तात्पुरती फाइल पुसायला सांगा, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच अडली तरी पसारा राहत नाही.

मग सॉर्टचे उत्तर तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या आणि पुढची कमांड && ने जोडा; आधीची यशस्वी झाली तरच ती चालते. टेस्ट -एस ने फाइल रिकामी नाही याची खात्री करून एमव्ही करा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. एमकेटेम्पने बनवलेल्या फाइलची परवानगी ६०० असते, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येते. कालपर्यंत वेब सर्व्हर वाचत असलेली फाइल आज त्याला नाकारली जाते ती यामुळेच. एमव्हीच्या आधी सीएचमॉड या परवानगी बदलणाऱ्या कमांडने जुनी परवानगी परत द्या.

मराठी नावे ठेवणाऱ्यांनी हेही बघावे: लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्षि’ एकटे १२ बाइटचे. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे, आणि तात्पुरत्या नावाला त्यातलेच आणखी ७ बाइट लागतात.

फक्त क्रमच लावायचा असेल तर सॉर्ट -ओ यादी यादी हेही चालते, कारण सॉर्ट सगळे वाचून झाल्यावरच लिहायला घेते. पण लिहिताना मशीन बंद पडले तर मजकूर जाऊ शकतो. एकच प्रत असलेल्या यादीसाठी मी तरी एमव्हीचीच वाट धरीन.